खोली गावाची

आमच्या साताऱ्याकडं दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. त्याची चेष्टा करायची, त्याच्या पानात मुद्दाम तिखट वाढायचं, आणि तो रुसला की सगळ्या घरानं त्याची मनधरणी करायची. त्यामुळं वसई पूर्वेच्या चाळीत आम्ही बिऱ्हाड मांडलं आणि शेजारच्या खोलीतला काळासावळा, उंच माणूस दारात येऊन "माका दाजी म्हणतत" असं म्हणाला, तेव्हा मी दार लावून घेतलं. ओळख ना पाळख, आणि आल्या आल्या हा माझ्या बहिणीचा नवरा व्हायला निघालाय. संध्याकाळी हे कामावरून आले. त्यांनी चौकशी केली आणि मला समजावलं की मालवणकडे दाजी हे घरातलं लाडाचं नाव असतं, त्यात नातं वगैरे काही नाही. मला ते पटायला बरेच दिवस लागले. मी त्यांना 'अहो कोकणवाले' म्हणायचे. पुढं कधी माझ्याही तोंडात दाजी बसलं, ते कळलंसुद्धा नाही.

दाजींची खोली आणि आमची खोली यांच्यात एकच वीट. तिकडं कुणी शिंकलं तर इकडं आमचं पोर दचकायचं. आणि शिंकायला माणसं काय कमी होती? सगळे पुरुष, सगळे बिनलग्नाचे, सगळे एकाच गावचे. कुडाळच्या आत कुठंतरी ते गाव आहे. तिथून जो कुणी कामासाठी निघायचा तो बॅग घेऊन थेट या खोलीत उतरायचा. काम लागेपर्यंत राहायचा, काम लागल्यावरही राहायचा, आणि लग्न ठरलं की जायचा. आम्ही गेलो त्या वर्षी आत नऊ-दहा जण तरी असतील. शेजारी एवढे बापे बघून मी पहिला महिना यांच्याशी भांडले. पण खरं सांगते, त्या खोलीतून मला एक वाकडी नजर कधी दिसली नाही. दाजींचा धाकच तसा होता. आवाज चढवायचे नाहीत, नुसतं बघायचे.

खोली लांबट होती. दाराशी डाव्या हाताला मोरी, आणि पार पलीकडच्या टोकाला एकुलती एक खिडकी. झोपायचे नियम दाजींनी घालून दिलेले. नवा आला की त्याची चटई मोरीजवळ. रात्रभर कुणी ना कुणी उठणार, पाय लागणार, पाण्याचे शिंतोडे उडणार. तक्रार करायची नाही. पुढचा नवा आला की आधीच्यानं एक चटई आत सरकायचं. असं सरकत सरकत माणूस खिडकीकडं जायचा आणि तोवर त्याचं लग्न ठरायचं. "नवो माणूस मोरीकडे," हे दाजींचं वाक्य आमच्या चाळीत पोरंटोरंही म्हणायची. नळावर मध्येच कुणी घुसलं तरी बायका म्हणायच्या, नवो माणूस मोरीकडे. खिडकीखालची जागा मात्र दाजींची. बाकी सगळं आयुष्य त्यांनी वाटून टाकलं, पण ती जागा कुणाला दिली नाही. रविवारी दुपारी तिथं पाय पसरून पडायचे, आणि सोलकढीचा पेला उशाशी.

त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे, "खोली गावाची आसा, माजी नाय." हे त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. कुणी त्यांचं कौतुक केलं, कुणी भाड्याचं विचारलं, कुणी पाया पडायला वाकलं, की हेच. खरं तर खोली त्यांच्या पैशाची. गिरणी बंद पडली तेव्हा जे हाती आलं ते सगळं त्यांनी यात घातलं. पण लिहून घेतली ती गावाच्या मंडळाच्या नावावर. मी विचारलं होतं, असं का केलंत म्हणून. तर म्हणाले, मी मिसरूड फुटायच्या आत मुंबईत उतरलो तेव्हा लालबागला गावाच्या खोलीत मोरीजवळ झोपलो. ती खोली कुणी माझ्या नावानं बांधली नव्हती. आता गिरण्या गेल्या, तिकडच्या खोल्या गेल्या, कामं इकडं वसईला कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये आली. मग गावाची खोली नको इकडं? असं विचारून ते माझ्याकडेच बघत राहिले, जसं काही मीच नको म्हणाले होते.

एकदा मी त्यांना चिडवलं. आम्ही माणदेशातले, आमच्याकडं पाण्याचा थेंब नाही म्हणून आम्ही आलो. तुमच्याकडं तर धो धो पाऊस, आंबा, फणस, मासळी. तुम्हाला काय धाड भरली होती? दाजी हसले. म्हणाले, आमच्या वाट्याला आलेला भाताचा तुकडा चार महिने पुरतो, उरलेले आठ महिने काय आंब्याच्या झाडाकडं बघून काढायचे? पाऊस समुद्राला जातो आणि पोरं मुंबईला, गावात राहतात ती म्हातारी. आणि मग स्वतःशीच म्हणाले की गंमत बघा वयनी, ज्याच्याकडं पाणी नाही तो आणि ज्याच्याकडं पाणी मावत नाही तो, दोघं एकाच नळावर भांडतात. तो नळसुद्धा चाळीच्या मालकाच्या मर्जीवर. मालक इथलाच, जुना भातशेतीवाला. त्याच्याच शेतावर आमची चाळ उभी राहिली होती. सकाळी ओट्यावरून "पानी आलं गं" असं ओरडायचा आणि आम्ही सगळे आपापली गावं विसरून हंडे घेऊन पळायचो.

प्रकाश आला तो असाच एका सकाळी, रेक्झिनची बॅग आणि फणसाचं ओझं घेऊन. दहावी पास, अंगानं काडी. मोरीजवळ चटई मिळाली. दाजींची रीत अशी होती की पहिल्या दिवशी पोटभर जेवण, दुसऱ्या दिवशी वालीवच्या गाळ्यांमधून हिंडवायचं, आणि तिसऱ्या दिवशी पोराला वसईच्या बाजारात सोडून स्वतः निघून यायचं. त्यानं विचारत विचारत खोली गाठायची. विचारायची लाज गेली की माणूस इथं उपाशी मरत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाकीचे सगळे तासाभरात यायचे. प्रकाश दुपार टळली तरी आला नाही. दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना तसं मी पहिल्यांदाच बघितलं. आमचे हे आणि ते दोघं सायकली घेऊन निघाले.

सापडला कुठं, तर सांडोरला. पूर्वेला यायचं सोडून पठ्ठ्या पश्चिमेला चालत सुटलेला. तिथं केळीच्या बागा, नारळ, विहिरी, पाटाचं पाणी. याला वाटलं गावच आलं. एका वाडीत केळीखाली बसून रडत होता. वाडीची मालकीण, एक ख्रिस्ती म्हातारी, त्याला भाकरी खाऊ घालत होती आणि तिचं बोलणं याला कळत नव्हतं, याचं तिला. दाजी गेले तर तो उठेचना. मला इथंच राहू द्या म्हणाला. दुसरा कुणी असता तर कानफटात ठेवून आणला असता. दाजी त्याच्या शेजारी केळीखाली बसले आणि अंधार पडायच्या बेतापर्यंत बसून राहिले. हे परत आले आणि मला म्हणाले, अगं, दाजी पण रडत होते.

तेव्हापासून ती रीतच पडून गेली. खोलीत कुणी नवा पोरगा जेवेनासा झाला, भिंतीकडं तोंड करून पडायला लागला, की रविवारी दाजी त्याला सांडोरला घेऊन जायचे. म्हातारीच्या वाडीत बसायचे, येताना केळी आणायचे. आम्हाला केळी मिळाली की कळायचं, खोलीत कुणाला तरी घराची आठवण येतेय.

आता शालनचं सांगते, कारण त्याशिवाय दाजी कळायचे नाहीत. शालन माझी मावसबहीण. गावाकडं विहिरी आटल्या तेव्हा आईला घेऊन आमच्याकडं आली आणि गाळ्यात पॅकिंगला लागली. शांत, कामाला वाघ, आणि वय थोडं पुढं गेलेलं. दाजी चाळिशीला टेकलेले. माझ्या डोक्यात किडा वळवळला. यांना म्हटलं, लग्न झालं तर ते खरोखरचे माझे दाजी होतील, मग मी त्यांच्या पानात हवं तेवढं तिखट वाढीन. आम्ही पोह्यांना बोलावलं. भिंतीपलीकडचा माणूस, पण इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून, चपला दाराबाहेर नीट जोडीनं काढून आला. शालनकडं त्यांनी दोनदा बघितलं. मी मोजायला बसले नव्हते, पण ते लपत नव्हतं. पोरीलाही आवडले होते. जाताना म्हणाले, आठवड्यात सांगतो.

त्या आठवड्यात दाजींच्या गावाहून तिघं जण आले. एकाचा बाप नुकताच गेलेला. दाजी आमच्या दारात आले, आत काही येईनात. "ह्या पोरांका आधी कामाक लागांदेत, मगे बघया," म्हणाले. मी म्हटलं, अहो, लग्न करून खोलीतच राहा ना. खोली तुमचीच आहे. तर त्यांनी असं बघितलं की जणू मी शिवी दिली. लगीन झालं की खोली सोडायची, हा नियम त्यांनीच केलेला. तो पोरांना लावायचा आणि स्वतःला नाही, हे त्यांच्यात बसत नव्हतं. आणि त्यांनी सोडली तर खोली बघणार कोण? शालन वर्षभर थांबली. मग तिला इस्लामपूरचं स्थळ आलं. तिच्या हळदीला दाजींनी पाणी भरलं, मांडव घातला, आणि जेवणाच्या वेळी कुठं गेले कुणाला माहीत नाही. त्या रविवारी आमच्याकडं केळी आली. मी ती खाल्ली नाहीत. राग आला होता मला, त्यांचाही आणि त्या गावाचाही.

वर्षं गेली. पोरं यायची, सरकायची, जायची. कुणी विरारला फ्लॅट घेतला, कुणी बदलापूरला. प्रकाश सगळ्यांच्या पुढं गेला. टेम्पो घेतला, मग चार टेम्पो, मग गाळेवाल्यांच्या वाहतुकीची कंत्राटं. विरार पश्चिमेला लिफ्टच्या इमारतीत राहायला गेला आणि गावाच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. "आमचो प्रकाश" असं म्हणताना दाजींची छाती फुगायची. त्याचा फोटो कुठल्याशा बॅनरवर आला तर ते मला बोट धरून न्यावं तसं नाक्यापर्यंत घेऊन गेले होते. खोलीतल्या चटया मात्र कमी होत गेल्या. आता गावचे पोरगे गोव्याला जायला लागले. तिथं हॉटेलं आहेत, कारखाने आहेत, सकाळी मोटारसायकलवरून जायचं आणि रात्री आईच्या हातचं जेवायचं. मोरीजवळ झोपायला कोण येतोय? शेवटी शेवटी खोलीत दाजी एकटे राहिले. तरी ते रोज सगळी लादी पुसायचे आणि मोरीजवळची चटई उन्हात घालायचे. न जाणो कुणी आलंच तर.

मग एका रविवारी मंडळाची सभा खोलीतच ठेवली. दाजींना केवढा आनंद. माझ्याकडचे कप नेले, बशा नेल्या, मला चहाचं सांगितलं. एकेक जण येत गेला. पोटं सुटलेली, केस गेलेले, पण मी सगळ्यांना ओळखलं. याची शिंक मी ऐकली होती, त्याचं घोरणं. कुणी म्हणालं माझी जागा इथं होती, कुणी म्हणालं माझी तिथं. हशा चालला होता. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी, आणि प्रकाशनं विषय काढला.

गावच्या देवळापुढं सभामंडप बांधायचाय, रस्त्याला कमान घालायचीय, तिच्यावर मुंबई मंडळाचं नाव. त्यासाठी ही खोली विकायची. रिकामीच तर असते, असं तो म्हणाला. दाजींना आधी कळलंच नाही. ते इकडं तिकडं बघून हसले. मग म्हणाले, "रिकामी खंय? मी आसंय मां."

प्रकाशनं चहाचा कप खाली ठेवला. अगदी प्रेमानं, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलला, त्यामुळंच मला ते अजून विसरता येत नाही. "दाजी, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना? खोली गावाची, माझी नाही."

मग म्हणाला, तुमची काळजी करू नका, तुम्ही माझ्याकडं राहायचं, लिफ्ट आहे, सगळं आहे. आणि हात वर करायला सांगितले. एकेक करत सगळे हात वर गेले. ज्याच्या तापात दाजी रात्रभर पट्ट्या बदलत बसले होते त्याचा गेला, ज्याच्या बहिणीच्या लग्नाला दाजींनी हातातलं घड्याळ विकलं होतं त्याचाही गेला. कुणी खाली मान घालून, कुणी मोबाइलकडं बघत, पण गेला. शेवटी प्रकाश म्हणाला, दाजी, एकमतानं झालं तर बरं दिसेल. आणि दाजींनी हात वर केला.

मी ट्रे आपटला. चार कप फुटले. परक्या बाईनं मध्ये बोलू नये हे मला कळतं, पण मी बोलले. म्हटलं, लाजा नाहीत का रे, या माणसानं तुमच्यासाठी घर मांडलं नाही, आणि तुम्ही त्याला कमानीसाठी विकता? कुणीतरी म्हणालं, काकी, हा आमच्या गावचा विषय आहे. दाजी खाली बसून फुटलेले कप गोळा करत होते. मला म्हणाले, "वयनी, तेचा काय चुकला? बरोबरच बोललो तो." चुकलं कसं नाही? त्यांच्याच तोंडचं वाक्य घेऊन त्यांचाच गळा कापला, आणि यांना त्यात चूक दिसेना. त्या दिवशी प्रकाशपेक्षा मला त्यांचाच जास्त संताप आला.

पुढच्या रविवारी ते सांडोरला गेले. या वेळी सोबत कुणी नव्हतं. म्हातारी कधीच वारलेली, वाडीच्या अर्ध्या भागात इमारतीचे खांब उभे राहिलेले, एवढंच त्यांनी आल्यावर सांगितलं. केळी आणली नाहीत. मग ट्रंक घेऊन प्रकाशकडं राहायला गेले. जाताना मोरी घासून गेले.

प्रकाशकडं ते पावसाळाभरसुद्धा टिकले नाहीत. आधी हॉलमध्ये झोपायचे, मग पाहुणे येणार म्हणून गॅलरीत, मग मुलाची परीक्षा, मग सासरचं माणूस आजारी. कुणी जा म्हटलं नाही. नुसतं रोज विचारायचे, दाजी, गावाला एकदा जाऊन येत नाही का? गावी त्यांचं होतं काय? भावांनी घर वाढवलं, त्यात यांच्यासाठी खोली काढली नाही, कारण दाजींना मुंबईत खोली आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कमान झाली, तिच्या उद्घाटनाचा फोटो आमच्या ह्यांच्या मोबाइलवर आला होता. फोटोत दाजी नव्हते. बोलवायचं राहून गेलं, असं नंतर कुणीतरी सांगितलं म्हणे.

इकडं खोली एका कंत्राटदारानं घेतली आणि त्यात आपली माणसं ठेवली. आझमगढकडची पोरं, गाळ्यात पॉलिशचं काम. पुन्हा भिंतीपलीकडं शिंका, पुन्हा घोरणं, फक्त भाषा वेगळी. सोलकढीच्या जागी मोहरीच्या तेलाचा वास. मला वाटायचं, चला, खोली निदान नांदती तरी आहे. आणि एका सकाळी दार उघडलं तर ओट्यावर ट्रंक. शेजारी दाजी. वाळून अर्धे झालेले, अंगात वॉचमनचा शर्ट. जवळच्याच एका गाळ्यावर त्यांनी रात्रपाळीची राखण धरली होती आणि कंत्राटदाराला भाडं देऊन या खोलीत झोपण्यापुरती जागा घेतली होती. दुसरीकडं कुठं झोप लागत नाही, म्हणाले. मी आत जाऊन पदर तोंडात धरून रडले. मग चहा केला, दुसरं काय करणार?

मागच्या महिन्यात आम्हीही ती चाळ सोडली. मुलानं विरारला घर घेतलंय. टेम्पोत सामान चढलं, मी निरोप घ्यायला शेजारी गेले. भरदुपार होती. दाजी रात्रपाळी करून आलेले, दाराशी मोरीला लागून चटई टाकून पडले होते. पार पलीकडं खिडकीखालची जागा मोकळी होती. खोलीतल्या एका पोरानं मला बघून सांगितलं की आम्ही चाचांना रोज म्हणतो खिडकीजवळ झोपा, वारा लागतो, ते ऐकतच नाहीत. परक्या पोरांना एवढं कळत होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, दाजी, अहो ती जागा तुमची आहे, जाऊन झोपा ना तिथं. आयुष्यभर तिथंच तर झोपलात.

दाजी कोपरावर उठून बसले. माझ्याकडं बघून हसले, पूर्वी रविवारी हसायचे तसेच. "नवो माणूस मोरीकडे, वयनी," म्हणाले. "नियम आपलोच आसा."

तेवढ्यात आतलं एक पोर साबण-टॉवेल घेऊन आलं आणि "चाचा, जरा" म्हणालं. दाजींनी पाय पोटाशी घेतले आणि त्याला मोरीत जायला वाट दिली.